एकदाच आलेलं पाकीट

मोहालीतल्या माझ्या कारखान्यात फोन उचलणाऱ्याला एक प्रश्न विचारावाच लागतो: "माल किस काम के लिए चाहिए, जी?" लुधियान्याच्या कापड गिरणीचा जुना खरेदी अधिकारी असो की अमृतसरची पापड-वड्या करणारी बाई, या प्रश्नातून कुणाची सुटका नाही. गिऱ्हाइकं वैतागतात. एका सरदारजींनी मला तोंडावर सुनावलं, "भाईसाहब, स्टार्च बेचते हो या लड़की का रिश्ता देखते हो?" मी खूप हसलो. प्रश्न काही काढून टाकला नाही.

आम्ही मक्याचा स्टार्च बनवतो. स्वयंपाकघरात ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतात, तोच. सुताला खळ द्यायला, कागदाला गुळगुळीतपणा आणायला, औषधाच्या गोळ्या बांधायला, सूप घट्ट करायला तो लागतो. या सगळ्या मालात एक चिमूटभर माल असा आहे की तो गिरणीत जात नाही, सॉसच्या बाटलीतही जात नाही. तो घरोघरी जातो, दुर्मीळ आजार असलेल्या मुलांकडे. त्याबद्दल लोक मला दुसरा एक प्रश्न विचारतात. तुमच्या घरात कुणाला असा आजार होता का? नव्हता. मग हे कशासाठी? मी वर्षानुवर्षं "माणुसकी, दुसरं काय" असं सांगत आलो. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते उत्तर नव्हतं.

मुळात मी जन्माचा चौकस. जळगावला आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा आला की त्याचं गाव, गोत आणि गाडीची वेळ घरच्यांच्या आधी मला ठाऊक. रसायनशास्त्र शिकलो तेही याच खोडीपायी. पीठ पाण्यात उकळलं की ते चिकट का होतं, या प्रश्नाने मला शाळेपासून छळलं होतं. पुढे एका स्टार्च कंपनीत लागलो आणि नव्वदच्या दशकात त्यांनी मला चंदीगडच्या शाखेत पाठवलं. सेक्टर सतराला, दुकानांच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली कारंज्यापाशी लोक हिवाळ्याचं ऊन खात बसायचे आणि वर मी काचेच्या बरण्यांमध्ये स्टार्चचे नमुने मांडून बसायचो. पांढरा, त्याहून पांढरा आणि किंचित पिवळसर. बायको म्हणायची, तुमची नोकरी म्हणजे पिठाचं संग्रहालय आहे.

त्या पहिल्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत मी माझ्या स्वभावाला जागलो. आरती झाली, प्रसादाचा शिरा वाटत होते. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मूळच्या कोल्हापूरच्या, यजमान विद्यापीठात शिकवायचे. त्यांच्या मांडीवर पाच-सहा वर्षांची मुलगी. गुबगुबीत गालांची, पोट जरा पुढे आलेलं, वयाच्या मानाने फारच बुटकी. तिने शिऱ्यासाठी हात पुढे केला आणि आईने तो हळूच मागे घेतला. पेढा आला, तोही नाही. केळं आलं, तेही नाही. माझ्याने राहवलं नाही. मी चारचौघांत मोठ्याने विचारलं, "अहो वहिनी, प्रसादाला नाही म्हणतात होय? पोरीने काय घोडं मारलंय?"

 बाईंनी मुलीला उचललं आणि त्या निघून गेल्या. घरी येईपर्यंत बायकोने माझी चंपी केली. "दिसेल तिथे नाक खुपसायचंच का? कुणाच्या घरात काय असेल, तुम्हाला काय माहीत? यापुढे त्या बाईंना एक प्रश्न विचाराल तर याद राखा." मला खरंच लाज वाटली. मी कानाला खडा लावला.

आणि नेमकं दोन महिन्यांनी त्या वहिनी माझ्या ऑफिसचा जिना चढून आल्या. बरोबर मुलगी होतीच. मंडळात कुणीतरी माझ्या कंपनीचं सांगितलं होतं.

"भाऊ, तुमच्याकडं मक्याचा स्टार्च मिळतो म्हणं. शुद्ध पायजे. दुसरं काय म्हणजे काय मिसळलेलं नको."

बाजारातल्या डब्यांचा त्यांना भरवसा वाटेना. एकदा दुकानदाराने कस्टर्ड पावडरच हातात दिली होती, एकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं निघालं होतं. मी खाण्याच्या दर्जाचा साधा स्टार्च काढून दिला. जिभेच्या टोकावर प्रश्न आला होता, कशासाठी हवाय? तो मी गिळला. असे प्रश्न गिळायची मला सवय नव्हती, त्यामुळे दिवसभर घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

त्या दर महिन्याला येऊ लागल्या. मी मनातल्या मनात तर्क लढवत बसायचो. साड्यांना खळ? मग शुद्ध कशाला हवं? कुरडया? दर महिन्याला? तोंडाला लावायचा लेप? एकदा बायकोला विचारलं तर तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. 

उत्तराचा एक तुकडा वहिनींनी आपणहूनच दिला. एकदा पाकीट पिशवीत ठेवताना म्हणाल्या, "पोरगी कुरकुर करते हो प्यायला. पाण्यात टाकलं की खाली बसतं. खडूसारखं लागतंय म्हणते." मुलगी माझ्या बरण्यांसमोर उभी राहून त्या मोजत होती. तिच्याकडे एक स्टीलचा पेला होता. तिने तो माझ्यासमोर उलटा धरून दाखवला. एक थेंब पडला नाही. "देखो, सब पी लिया," ती म्हणाली. तिला मराठी समजायचं, पण बोलायची हिंदीच. आईला पुरावा म्हणून ती रोज असा पेला उलटा करून दाखवते, हे मला तेव्हा कळलं.

म्हणजे ही पोर स्टार्च पाण्यात कालवून पीत होती! माझ्या डोक्यात प्रश्नांची झुंबड उडाली. पण मी कानाला खडा लावला होता ना. कुणा वैद्याचा उपाय असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि प्रश्न विचारायच्या ऐवजी मदत करायची ठरवली. मला अजून वाटतं, माझी चौकशी कुणाला जेवढी नडली नसेल तेवढा माझा तो सभ्यपणा नडला.

तो काळ नव्या गोष्टींचा होता. बाजार खुला झाला होता, पाकिटातली सूप आणि सॉस यांचं पेव फुटलं होतं आणि आमच्या कंपनीने परदेशी तंत्र घेऊन एक नवा स्टार्च काढला होता. आम्ही त्याला इन्स्टंट म्हणायचो. साधा स्टार्च थंड पाण्यात तळाला बसतो, हा मात्र चमचा फिरवताच मलईसारखा घट्ट व्हायचा. चूल नको, गुठळी नको. मी गिऱ्हाइकांसमोर थंड पाण्याचा ग्लास घेऊन जादूगारासारखा त्याचा प्रयोग करून दाखवायचो. मला त्याचा भारी अभिमान होता.

पुढच्या खेपेला वहिनी आल्या तेव्हा मी त्यांच्यासमोरही तो प्रयोग केला. मुलीचे डोळे चमकले. वहिनींनी दोनच गोष्टी विचारल्या.

"मकाच ना?"

"शंभर टक्के मका."

"आणि गरम करायला लागत नाही न्हवं? आमाला गरम करायचं नाही, असं पक्कं सांगितलंय."

"अजिबात नाही, वहिनी. हा थंड पाण्यासाठीच आहे."

दोन्ही उत्तरं खरी होती. त्यांनी पाकीट घेतलं, मुलीने उड्या मारल्या आणि मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दोन दिवसांनी वहिनी सकाळीच आल्या, एकट्याच. उघडलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. त्याच्याशेजारी एक मापाचा चमचा ठेवला. डोळे सुजलेले दिसत होते.

"भाऊ, तुमच्याकडं तोलायचा काटा आहे का? ह्या चमच्यात किती ग्रॅम बसतं, जरा बघता? माझ्या मोजण्यात काहीतरी चुकलंय."

मी तोलून पाहिलं. "हो, वहिनी, वजन कमीच भरणार. हा हलका असतो, फुललेला. साध्या स्टार्चचं गरम तव्यावर टाकलेल्या धिरड्यासारखं करतात. मोठ्या तापलेल्या लोखंडी रुळावर त्याची पेज ओततात, ती शिजते, वाळते, मग खरवडून दळतात. म्हणून तर तुम्हाला शिजवावा लागत नाही. आम्ही आधीच शिजवलेला असतो."

हे सांगताना माझ्या आवाजात कौतुक होतं. ते आठवलं की आजही मला कसंतरी होतं.

वहिनींचा हात चमच्यावर होता तो तिथेच थांबला. "शिजवलेला?" त्या म्हणाल्या. मग पुन्हा, अगदी हळू, "शिजवलेला होता हा?"

आणि तेव्हा कुठे मी तो प्रश्न विचारला, जो मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. "वहिनी, तुम्हाला हे कशासाठी लागतं?"

त्यांनी सांगितलं. मुलीला जन्मापासून एक आजार होता, हजारो मुलांत एखाद्याला होणारा. आपण जेवतो, त्यातली थोडी साखर शरीर साठवून ठेवतं आणि दोन जेवणांच्या मध्ये काढून वापरतं. हिच्या शरीरात साठा व्हायचा, पण तो बाहेर काढता यायचा नाही. दोन-तीन तास पोटात काही नसलं की रक्तातली साखर उतरायची आणि पोर मलूल होऊन निपचित पडायची. इथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी यावर उपाय दिला होता तो कच्चा मक्याचा स्टार्च. थंड पाण्यात, ठरावीक वेळांना, दिवसा आणि रात्रीही. तो सावकाश पचतो, तासन्‌तास थोडी थोडी साखर देत राहतो. शिजवला की झटकन पचून जातो, मग काही उपयोग नाही. प्रसादाची साखर, दूध, फळं तिला वर्ज्य होती. त्यांतली साखर तिच्या शरीराला नीट वापरता येत नव्हती; चालायचं ते फक्त ग्लुकोज.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट उघडलं, मुलगी माझा इन्स्टंट स्टार्च आनंदाने प्यायली आणि शाळेत गेली. एरवी मधल्या सुट्टीपर्यंत तिला पुरायचं. त्या दिवशी दुसऱ्याच तासाला तिने बाकावर मान टाकली. अंगाला दरदरून घाम. वर्गाच्या बाईंना आजाराची कल्पना दिलेली होती, म्हणून त्यांनी लगेच ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि घरी फोन केला. दुपारपर्यंत इस्पितळात ती उठून बसली. रात्री वहिनींनी घरातला प्रत्येक चमचा तपासला. चूक आपली, असंच त्या धरून चालल्या होत्या.

"बाईंनी बघितलं नसतं तर?" मी विचारलं.

त्यांनी चमचा पिशवीत टाकला.  मला माफी मागायची होती. पण मी एवढंच म्हणालो, "मला तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन चला."

डॉक्टर नागपूरचे निघाले. ओपीडीबाहेर भटिंडा, हिसार, मंडी अशा लांबलांबच्या गावांहून आलेली माणसं बाकांवर आणि खाली जमिनीवर बसली होती. मी सगळं कबूल केलं. ते रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. पण ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "तुम्ही स्टार्चवाले आहात? बसा, बसा. मला सांगा, दुकानातल्या दोन डब्यांतला स्टार्च सारखाच कशावरून असतो?"

आम्ही दोघे तासभर बोललो. कच्च्या मक्याचा कण इतका सावकाश का पचतो, बटाट्याचा का चालत नाही, कोवळा आणि जून मका यांत फरक पडतो का? बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडे नव्हती, काहींची माझ्याकडे नव्हती. मी दहा वर्षं स्टार्च विकत होतो आणि तो माणसाच्या पोटात गेल्यावर काय करतो, याचा विचार एकदाही केला नव्हता. मला भीतीही वाटत होती आणि खरं सांगायचं तर कुतूहलाने अंग नुसतं शहारून आलं होतं. हे दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला तिथे कळलं.

त्यानंतर मी कंपनीच्या प्रत्येक खेपेतून एक पोतं बाजूला काढू लागलो. तपासायचं, लहान पाकिटं भरायची, त्यावर हिंदी, पंजाबी आणि इंग्रजीत ठळक लिहायचं: कच्चा आहे, शिजवू नका. मुख्य कचेरीला हा उद्योग पसंत नव्हता. एवढ्याशा मालासाठी एवढा खटाटोप कशाला, असं ते विचारायचे आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होते. पुढे मी नोकरी सोडून मोहालीत स्वतःचं काम सुरू केलं. सॉसवाले आणि गोळ्यावाले यांच्या जिवावर कारखाना चालला, वाढला. पण एक टेबल पहिल्या दिवसापासून या पाकिटांसाठी ठेवलेलं. डॉक्टरांनी मग दुसऱ्या एका आजाराची मुलं पाठवली, ज्यांना गव्हातलं प्रथिन सोसत नाही. त्यांच्यासाठी स्टार्चची पोळी जमवण्यात माझ्या बायकोने एक अख्खा उन्हाळा घालवला. लाटली की तिच्या चिंध्या व्हायच्या. "करा आणखी लोकांच्या चौकशा," ती पिठाचे हात कमरेवर ठेवून म्हणायची. शेवटी जमली तेव्हा तिने स्वतःच मला विचारलं, "आणखी कोणकोणते आजार असतात हो असे?"

सगळ्यांना मी ही सगळी गोष्ट सांगायचो. फक्त एक पाकीट गाळून.

काही वर्षांनी आयटी पार्क उभं राहिलं. तिथल्या एका कंपनीने मला भाषणाला बोलावलं. काचेची इमारत, थंडगार सभागृह, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण मुलं. सूत्रसंचालक पोराने विचारलं, "सर, आपकी प्रेरणा क्या थी?" मी सराईतपणे माणुसकीवर बोललो. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एक बुटकीशी मुलगी उभी राहिली. चेहरा बदलला होता, गाल तेच होते. तिला इथे नोकरी लागल्याचं मला ठाऊक नव्हतं.

"मैं इन्हीं का पाउडर पीकर बड़ी हुई हूँ," ती सगळ्यांना म्हणाली. पुन्हा टाळ्या. "काका, एक सवाल है. जब मैं छोटी थी, एक बार एक अलग पैकेट आया था. मलाई जैसा. पूरी ज़िंदगी में वही एक अच्छा लगा. फिर कभी नहीं आया. वो बंद क्यों कर दिया?"

सभागृह हसलं.  तिला माहीतच नव्हतं! "वो... फैक्टरी में बनना बंद हो गया," मी म्हणालो आणि खाली उतरलो.

चहाचा कप तसाच ठेवून मी तिला शोधत बाहेर गेलो. ती पायऱ्यांवर बसली होती. तिची वेळ झाली होती. पिशवीतून बाटली काढून ती जोरजोरात हलवत होती, स्टार्च तळाला बसू नये म्हणून. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. गणपतीतला शिरा, माझा कानाला लावलेला खडा, थंड पाण्याचा प्रयोग, तिची बाकावर टाकलेली मान. ती ऐकत होती. बाटली हलवायची ती केव्हा थांबली ते माझ्या लक्षात आलं नाही.

"मम्मी को पता है?"

"तीच तर आली होती माझ्याकडे."

तिने तिथूनच आईला फोन लावला आणि आम्हा दोघांना ऐकू येईल असा धरला. "मम्मी, वो मलाई वाला पैकेट. आपने मुझे कभी बताया क्यों नहीं?"

 पलीकडून वहिनींचा आवाज आला. "काय सांगणार होते? दिवसातनं पाच-सहा वेळा तुला त्यांच्याच हातचं प्यायचं होतं. भ्या घालून पाजलं असतं तर तू प्याली असतीस का?" मग म्हणाल्या, "आणि भाऊंनी विचारलं नाही ते खरं. पण मी तरी कुठं सांगितलं होतं? लोक पोरीकडं टकामका बघतात म्हणून मी कुणाला सांगायचेच नाही."

मी मान वर करू शकलो नाही. इतकी वर्षं मी जे लपवत होतो, ते ही बाई माझ्यासाठी लपवत होती, तेही दर महिन्याला माझ्याच दारातून पाकीट नेत.

मुलीने फोन ठेवला. बाटलीकडे पाहिलं. स्टार्च तळाला बसला होता, वर नुसतं पाणी उरलं होतं. आता ही काय करेल, याची मला खरोखरची भीती वाटली. तिने झाकण घट्ट केलं, बाटली पुन्हा हलवली आणि एका दमात सगळं पिऊन टाकलं. खडू खाल्ल्यासारखं तोंड केलं. मग माझ्यासमोर ती बाटली उलटी धरली.

"देखो काका," ती म्हणाली, "सब पी लिया."